बाई पुढं, पाव्हणं मागं: रतनगडाच्या कुशीत दोन रात्री

शुक्रवार, १५ डिसेंबर २०२३

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात एक आकडा लिहिलेला असतो. १, २ किंवा ३. ही नवऱ्याची पाळी. तो वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे आणि मी सकाळच्या शाळेत शिकवते. तिसरी पाळी असली की तो सकाळी घरी येतो तेव्हा मी शाळेला निघालेली असते. आठवडाभर आमची भेट जिन्यात होते. तो वर येत असतो, मी खाली जात असते. “दूध तापवलंय,” “गॅसचा नंबर लावलाय,” एवढं बोलून होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली सहा अशी गेली.

यंदा डिसेंबरच्या पानावर १५ आणि १६ या दोन चौकोनांत त्याने काहीच लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाला, “रजा टाकलीय. तंबू काढ.”

तंबू माळ्यावर होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तो उघडलाच नव्हता. त्याआधी आम्ही पावसाळा सोडला तर महिन्या-दोन महिन्यांनी एखादा किल्ला करायचो. नवरा चालायला चपळ. तो कायम पुढे, आणि मी त्याच्या पाठीवरची पिशवी बघत मागे. वळणावर तो थांबायचा, मी पोचले की लगेच निघायचा. म्हणजे विश्रांती त्याला मिळायची आणि मला नाही. तेव्हा मी हे कधी बोलले नाही. या वेळी निघताना मात्र पोटात गोळा आला होता. रतनगडाला शिड्या आहेत हे मला माहीत होतं.

तिसरी पाळी करून तो सव्वासातला आला, अकरापर्यंत झोपला, आणि बाराला आम्ही कल्याणहून मोटारसायकलने निघालो. सासूबाईंनी आदल्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार केला होता, त्यातला शिरा डब्यात दिला. पडघा, शहापूर, कसारा घाट. घाट चढताना थंडी एकदम अंगाला लागली. इगतपुरी मागे टाकून घोटीला चहा घेतला आणि उजवीकडे वळलो. बारीपाशी कळसूबाई उजव्या हाताला उभी राहते. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही, पण रस्त्यावरून ती तेवढी वाटत नाही. शेजारच्या डोंगरांत मिसळून जाते.

शेंडीला भंडारदऱ्याचं धरण लागतं. दगडी धरण, १९२६ साली पुरं झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांच्या नावाने विल्सन धरण. ११ टीएमसी पाणी मावतं त्यात. आम्ही धरणावर थांबलो नाही, कारण पाच वाजत आले होते आणि मुतखेल, कोलटेंभे करत पाण्याच्या कडेकडेने रतनवाडी गाठायची होती. हा रस्ता मला फार आवडतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली भातखाचरं, आणि समोर रतनगडाचा खुट्टा, म्हणजे गडाच्या शेजारी सरळ उभा राहिलेला सुळका. रस्ता वळेल तसा तो कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे, पण नजरेआड होत नाही.

रतनवाडीत ज्यांच्या खाचरात तंबू लावणार होतो ते मामा वाटच बघत होते. साठीचे असावेत. त्यांनी आधी तंबूची जागा दाखवली आणि मग पाणी दिलं. मला हे बरोबर वाटलं. अंधार पडायच्या आत जागा ठरली पाहिजे.

खाचरात तंबू लावणं सोपं नसतं. भात कापल्यावर राहिलेली धसकटं सुईसारखी टोचतात, तंबूच्या तळाला भोक पाडतात. मामांनी विळ्याने एक चौकोन साफ करून दिला आणि त्यावर पेंढ्याच्या चार पेंढ्या सोडून पसरल्या. वर आमचं प्लॅस्टिक, त्यावर तंबू. नोव्हेंबर संपता संपता जो अवकाळी झाला, त्यात त्यांचं कापून ठेवलेलं भात भिजलं होतं. “दाना काळा पडला, पर पेंढा वाळला,” म्हणाले. तोच पेंढा आम्ही अंगाखाली घेऊन झोपणार होतो. मी त्यांना त्याचे पैसे विचारले, तर त्यांनी हात झटकला. नंतर घरातल्या मावशींच्या हातात दिले.

अंधार पडायच्या आत अमृतेश्वराला जाऊन आलो. देऊळ गावाच्या टोकाला, प्रवरेच्या काठी. शिलाहारांच्या काळातलं, भूमिज शैलीतलं. शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा खालून वर चढत जातात. झंझ राजाने नद्यांच्या उगमापाशी बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड बुडते. आता कोरडं होतं. आत दिवा होता आणि बाहेर पुष्करणीच्या कोनाड्यांत संध्याकाळ साचली होती. आम्ही दोघं पायरीवर बसलो. तो पाच मिनिटांत उठेल असं वाटलं होतं, पण उठला नाही. खांद्याला खांदा लावून बसल्यावर कळलं की त्याला झोप लागली आहे. रात्रपाळी करून चार-पाच तास गाडी चालवली होती त्याने. मी हलले नाही.

जेवण मामांच्या घरी. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. नागलीची भाकरी, खुरासणीच्या तेलातली वालाची उसळ, मिरचीचा ठेचा, आणि नव्या तांदळाचा भात. खुरासणीच्या तेलाला एक कडवट खमंगपणा असतो. पहिल्या घासाला तो परका वाटतो, तिसऱ्या घासाला हवासा. मावशी भाकरी थापता थापता माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या. पाटावर बसताना मी पाय लांब ठेवला ते त्यांनी हेरलं होतं.

चंद्रकोर सव्वाआठच्या सुमारास मावळली. मग जो अंधार झाला तो आम्ही विसरलो होतो. कल्याणला आमच्या गॅलरीतून रात्री मोजून दहा-बारा तारे दिसतात. इथे आधी नक्षत्रं ओळखताच येईनात, इतकी गर्दी. डोक्यावर गुरू झगझगीत. पूर्वेला मृग चढत होता. त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, खाली बाण मारणारा व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा झुबका.

आम्ही ही तारीख उल्कांसाठीही धरली होती. मिथुनेतला उल्कावर्षाव १४ डिसेंबरच्या आसपास भरात असतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या. भर ओसरून गेला होता, तरी पेंढ्यावर पाठ टेकून पुनर्वसूच्या जोडताऱ्यांकडे बघत राहिलो. दीड तासात चौदा दिसल्या. एक हिरवट, इतकी सावकाश गेली की तिच्याकडे बोट दाखवून “ती बघ” म्हणेपर्यंत ती होती.

एकीकडे टिटवी, दुसरीकडे रातव्याचं ठोक्यावर ठोके दिल्यासारखं ओरडणं. साडेअकराला आत गेलो. तिसऱ्या पाळीत नवरा या वेळी कामावर असतो. त्याच्या शेजारी झोपताना मला एक क्षण परक्या घरात आल्यासारखं वाटलं. हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

शनिवार, १६ डिसेंबर

पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला थेंब. बाहेरचं दहिवर नव्हतं ते, आमचाच श्वास होता. थंडीला घाबरून मी रात्री झडपा बंद केल्या होत्या. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर गार कापडावर साचली, आणि झोपायच्या पिशव्या वरून ओल्या झाल्या. थंडीतही वारा खेळायला दोन बोटं फट ठेवायला हवी, मग तंबूही कोरडा राहतो आणि ऊबही फार जात नाही. उबेसाठी दुसरा उपाय आहे. पाण्याची बाटली गरम पाण्याने भरून मोज्यात घालायची आणि पायाशी ठेवायची. शनिवारी रात्री तसं केलं.

पूर्वेला शुक्र लखलखत होता. मामांचा पुतण्या पिकअप घेऊन गडापलीकडच्या साम्रद गावाला जाणार होता. तंबू आणि जड पिशव्या त्याच्याकडे दिल्या. आम्ही गडावर चढून त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरणार होतो. गडावर तंबू न्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे हा. डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो. वणव्याने काळे पडलेले उतार मी मार्चमध्ये पाहिलेत. तिथे पुढच्या पावसापर्यंत पाखरू फिरकत नाही.

सातला निघालो. मामा, नवरा, मी. वनखात्याची पावती घेतली. सुरुवातीला वाट प्रवरेच्या पात्रातून आहे. ओढा चार-पाच वेळा ओलांडावा लागतो, गोट्यांवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून. नवरा सवयीने पुढे गेला. पहिल्या ओलांडणीला तो पलीकडे पोचून वळला तेव्हा मी अजून दगड चाचपत होते. मामा थांबले. त्यांनी काठीने त्याला परत बोलावलं.

“सोबत किती येळा आलाय?”

“पंधरा-वीस वेळा,” तो म्हणाला.

“आनि दर बारीला तुमीच पुढं?” मामांनी त्याच्या पिशवीचा पट्टा धरून त्याला माझ्या मागे उभं केलं. “जो हळू त्यो पुढं. न्हाईतर मागलं मानूस मागंच ऱ्हातं. बाई पुढं, पाव्हणं मागं.”

झालं. एवढंच बोलले आणि स्वतः चार पावलं आमच्या पुढे चालू लागले.

पहिला अर्धा तास मला अवघड गेलं. समोर कुणाची पाठ नाही, मागून कुणी बघतंय, आपण अडवतोय असं वाटत राहतं. दोनदा मी बाजूला होऊन त्याला “जा पुढे” म्हटलं. तो गेला नाही. मग जंगल दाट झालं, हिरडा, जांभूळ, ऐन, आणि खाली करवंदीच्या जाळ्या. ऊन वरच अडत होतं. माझं पाऊल माझ्या मापाने पडू लागलं. लहान, पण न थांबता. पूर्वी मी त्याला गाठायला धावायचे आणि मग धापा टाकत उभी राहायचे. आता थांबायची गरजच कमी पडत होती. एका ठिकाणी वाट फुटते, डावीकडची कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, उजवीकडची रतनगडाला. तिथे घड्याळ पाहिलं. आमच्या जुन्या हिशेबाहून आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो होतो.

नवरा म्हणाला, “तू चढताना आधी उजवा पाय टाकतेस. कायम. गुडघा डावा ना?” अकरा वर्षांत त्याने मला चढताना पाहिलंच नव्हतं.

दहाच्या सुमारास शिड्या आल्या. लोखंडी, कातळाला टेकवलेल्या. शिडीवर एका वेळी एकच माणूस, हा नियम. मामा वर गेले आणि मग माझी पाळी. चढताना भीती वर बघून वाटत नाही. पायाखालचा गज हलका थरथरला की वाटते. डावा गुडघा वाकवून त्यावर भार द्यायची वेळ आली तेव्हा तो जागच्या जागी अडकला. खरं म्हणजे गुडघा अडकला नव्हता, मन अडकलं होतं. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं की गुडघा आता बरा आहे.

खालून नवऱ्याचा आवाज आला. तो “चल, जमेल” असलं काही बोलला नाही. तो मोजत होता. “आठ राहिले. सात राहिले.” उपकेंद्रात मीटरवरचे आकडे फोनवर वाचून दाखवताना त्याचा जो आवाज असतो तोच, एकसुरी आणि स्पष्ट. मी आकड्यांना धरून वर गेले. वर पोचल्यावर माझे हात कापत होते, आणि मी मामांसमोर रडले. मामांनी नजर दुसरीकडे वळवून तंबाखू मळायला घेतली.

गणेश दरवाजातून आत गेलं की रत्नादेवीची गुहा लागते. छोटी, शेंदूर लावलेली मूर्ती. तिथे शिऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि खाल्ला. प्रवरा इथेच उगम पावते. राहूचा शिरच्छेद झाला तेव्हा त्याच्या कंठातलं अमृत सांडून ती वाहू लागली, म्हणून ती अमृतवाहिनी, अशी गोष्ट आहे. पुढे ती अकोले, संगमनेर, नेवासे करत गोदावरीला मिळते. शके १२१२ मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच पाण्याच्या काठी. सकाळी मी ज्यातून बूट भिजवत आले ते हेच पाणी, हे तिथे बसल्यावर सुचलं, आणि पाणी प्यायला टाक्याशी गेले तेव्हा ओंजळ जरा सावकाश भरली.

गड मोठा आहे. हनुमान दरवाजा, राणीचा हुडा, कोकण दरवाजा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. ते सगळं इथे लिहीत बसत नाही. नेढ्याबद्दल मात्र लिहिते. गडाच्या माथ्यावर, सर्वांत उंच ठिकाणी कातळात आरपार भोक आहे, सुईच्या नेढ्यासारखं. दहा-पंधरा माणसं बसतील एवढं. आत शिरलं की वारा छातीवर हात ठेवून ढकलतो. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी हात-पाय पसरून पडलेलं, त्यामागे कळसूबाई आणि अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे. दुसऱ्या बाजूला जमीन संपते आणि खाली कोकण. आजोबाचा डोंगर निळा.

तिथे मामांनी राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगितली. हे खोरं महादेव कोळ्यांचं, आणि मामांच्या बोलण्यात राघोजी असे येतात जसे काल इथून गेले. देवगावचे राघोजी सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठले, सावकारांच्या कर्जाच्या वह्या जाळल्या, या डोंगरांत वर्षानुवर्षं लपून लढले. १८४८ च्या जानेवारीत पंढरपूरला सापडले आणि २ मे १८४८ ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. माझं माहेर ठाण्याचं. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून मी शाळेत जायचे. लहानपणीची सहा वर्षं रोज ती दगडी भिंत पाहिली, आणि तिच्या आतल्या या माणसाचं नाव मला कुणी शिकवलं नाही. आता मी शिकवते, तर हे माझ्याकडून राहणार नाही. मामांना विचारलं, भिंतीपलीकडून त्यांना हे डोंगर दिसत असतील का? मामा म्हणाले, “ठान्याहून कुठं दिसायचं. पर त्यास्नी पाठ व्हते.”

त्र्यंबक दरवाजाची उतरण ही या सहलीतली सर्वांत कठीण जागा. कातळात खोदलेल्या पायऱ्या, उंच आणि अरुंद, काही ठिकाणी गुडघ्याएवढ्या. मी बसून उतरले, एकेक पायरी. माझ्या पुढे मामा, मागे नवरा. तो एकदाही “लवकर” म्हणाला नाही. दरवाजापासून खाली आल्यावर वाट खुट्ट्याच्या पायथ्याला वळसा घालते. काल लांबून करंगळीएवढा दिसलेला सुळका इथे मान मोडेपर्यंत वर जातो. कारवीचं रान काड्या होऊन वाळलेलं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, मग मरते आणि बियांतून पुन्हा येते. मावशींच्या घराच्या भिंती याच काड्यांच्या.

साम्रदला पोचायला साडेचार वाजले. मामा तिथून पुतण्याच्या गाडीने परत जाणार होते. निघताना त्यांनी मला आपली काठी दिली. “घरला भिताडाला लावून ठिवा. पुना याल तवा आना.”

तंबू कड्यापासून चांगला आत, एका खाचरात लावला. कड्याला चिकटून तंबू लावलेले मी पाहिलेत. वारा रात्री फिरतो आणि झोपेत उठलेल्या माणसाला दिशा कळत नाही, म्हणून तसं करू नये. सूर्य कोकणात बुडाला. मग खाली एकेक दिवा लागू लागला, डेहण्याकडचे, आणखी पुढचे. नवरा ते दिवे माझ्यापेक्षा वेगळे बघतो. त्याला कोणती ओळ कुठल्या वीजवाहिनीवर आहे याचे अंदाज करायचे असतात.

गॅसच्या चुलीवर खिचडी केली. भाजलेले पापड, आणि दुपारची उरलेली भाकरी चुरून गुळात. नऊला थंडी हाडांत शिरली, मग बाटल्या पायाशी घेऊन आत शिरलो. दोन बोटं फट ठेवली होती, तिच्यातून मृगाचा एक खांदा दिसत होता.

त्याने मला घाटघरच्या प्रकल्पाबद्दल सांगितलं. नुसतं नाव मला माहीत होतं. साम्रदजवळच घाटघरला वर एक तलाव आहे आणि खाली कोकणात चोंढ्याला दुसरा. रात्री लोक झोपतात, विजेची मागणी उतरते, तेव्हा खालचं पाणी पंपांनी डोंगरातून वर चढवतात. मग मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात, २५० मेगावॉटपर्यंत.

“पण वर चढवायला वीज लागतेच ना?” मी विचारलं.

“लागते. जेवढी लागते त्यापेक्षा थोडी कमीच परत मिळते.”

“मग तोटाच की.”

“तोटा नाही. हवी त्या वेळी मिळते.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला की तो बदलीसाठी अर्ज करणार आहे, साध्या पाळीच्या जागेसाठी. भत्ता जाईल, पगारात फरक पडेल. हे तो दोन महिने मनात धरून होता. जिन्यात सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आम्ही कर्जाचे हप्ते, सासूबाईंची औषधं, माझी वेतनवाढ, सगळं अंधारात बोटांवर मोजलं. बारा वाजून गेले. जमतंय असं वाटलं. अगदी काठावर, पण जमतंय.

रविवार, १७ डिसेंबर

उठलो तेव्हा तंबू आतून कोरडा होता. मला फार बरं वाटलं.

सकाळी सांदण दरीत उतरलो. जमिनीला पडलेली भेग आहे ही, काही ठिकाणी इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील असं वाटतं, आणि भिंती दोनशे फुटांपर्यंत उंच. ऊन तळापर्यंत पोचायला दुपार व्हावी लागते. आत पाय टाकला की आदल्या रात्रीची थंडी जशीच्या तशी साठवलेली मिळते. तळाला नुसत्या शिळा. पाण्याच्या पहिल्या डोहात गुडघ्यापर्यंत, दुसऱ्यात कमरेपर्यंत. पाणी इतकं गार की पहिला मिनिट पाय दुखतात आणि मग कळेनासे होतात. तिथपर्यंतच गेलो. दोर लावून उतरायचा पुढचा टप्पा जाणत्या माणसांबरोबर आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तरच करावा. पावसाळ्यात तर या दरीत पाऊलही टाकू नये, वर पडलेला पाऊस इथे भिंतीसारखा येतो.

कालपासून एक गोष्ट ठरूनच गेली होती, न बोलता. शिळांवर मी पुढे होते. कुठे पाय टाकायचा ते मी ठरवत होते आणि नवरा मागून तेच दगड घेत होता. मामांची काठी डोहात आधी मी घालायचे, तळ लागला की पाऊल.

बाहेर पडताना दरीच्या तोंडाशी चिप्सच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या दिसल्या. आमच्याकडे मोकळं पोतं होतं, ते अर्ध्या तासात भरलं. साम्रदची दोन पोरं आपणहून मदतीला आली, त्यांतला एक चौथीतला. त्याला राघोजी भांगरे माहीत होते. त्याने मला देवगाव कुठल्या दिशेला ते बोटाने दाखवलं.

पुतण्याने पिकअपमधून रतनवाडीला सोडलं. मोटारसायकल मामांच्या ओसरीत होती, तिच्यावर मावशींनी पोतं टाकून ठेवलं होतं, दहिवर लागू नये म्हणून. त्यांनी दोन किलो नवे तांदूळ बांधून दिले. काळा दाणा वेगळा काढलेला. माझ्यासाठी रात्री बसून निवडले असतील.

तीनला निघालो. कसारा घाटात गर्दी होती, आठला घरी. त्याची तिसरी पाळी होती. जेवून दहाला तो गेला.

सोमवारी सकाळी तंबू गॅलरीत दोरीवर वाळत घातला तेव्हा त्याच्या शिवणीतून भाताच्या दोन काड्या पडल्या. त्या मी मामांच्या काठीपाशी ठेवल्या, दाराच्या मागे. सव्वासातला जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर तो वर येताना भेटला, डोळे लाल, हातात डबा. “दूध तापवलंय,” मी म्हटलं.

तो बाजूला झाला, मी पुढे गेले. दोन पायऱ्या उतरल्यावर मागे चपलांचा आवाज आला. तो वळला होता, आणि माझ्या मागून, माझ्याच चालीने फाटकापर्यंत उतरत आला.